टेकूंचा फोटो

पहिल्या दिवशी मी लंडनच्या वेस्टमिन्स्टर स्टेशनात १९० फोटो काढले. रात्री भाच्याच्या घरी ते लॅपटॉपवर उघडले, तर त्यातला एकही धड नव्हता. निम्मे तिरके, काही हललेले, काहींवर झेब्र्यासारखे आडवे पट्टे. भाचा चहाचा कप घेऊन मागे उभा होता. म्हणाला, ‘‘मामा, हे स्टेशन आहे की साखर कारखाना?’’

हसून सोडून द्यायची गोष्ट, पण ती डोक्यातून जाईना. कारण तिथे उभं असताना माझी छाती दडपली होती. तिकिटाचं गेट ओलांडून सरकत्या जिन्यावर पाय ठेवला की तो जिना तुम्हाला घेऊन एका प्रचंड पोकळीत शिरतो. वर करडं काँक्रीट, खाली आणखी जिने, एकमेकांना कात्री मारून जाणारे; आणि या साऱ्यातून, एका बाजूच्या भिंतीकडून दुसरीकडे, दोन हातांच्या मिठीत जेमतेम मावतील असे पोलादी नळ आडवे गेलेले. माझ्या फोटोंत नळ आले होते, जिने आले होते. दडपण तेवढं यायचं राहिलं होतं.

मी आर्किटेक्ट नाही आणि इंजिनियर तर नाहीच. पुण्यात आधी लग्नांचे आणि मग हौसेने वाड्यांचे, देवळांचे, बारवांचे फोटो काढत आलेला माणूस. लग्नात एक गोष्ट लवकर कळते. नवरीची मावशी कोण, रुसलेला काका कोण, हे माहीत नसेल तर कॅमेरा कितीही महागडा असो, अल्बम पांचट होतो. दुसऱ्या दिवशी म्हणून कॅमेरा पिशवीतच ठेवला आणि या स्टेशनातले नातेसंबंध आधी समजून घेतले. ते नळ तिथे का आहेत, हा पहिला प्रश्न.

गावाकडे विहीर खणताना पाहिलेल्यांना उत्तर चटकन कळेल. विहीर गोल असते. मातीचा दाब चहूकडून सारखा येतो आणि बांधणीचे दगड एकमेकांना रेटत, अडवत जागच्या जागी राहतात. जणू कमानच आडवी पाडून तिचं कडं केलंय. त्यामुळे गोल विहिरीला आतून टेकू लागत नाही. पण खड्डा चौकोनी खणला की ही सोय गेली. सपाट भिंत मागच्या मातीने मध्येच पोट काढते. दहा फुटी खड्ड्यात दोन फळ्या आणि चार बल्ल्या आडव्या मारून भागतं. वेस्टमिन्स्टरचा खड्डा ३९ मीटर खोल आहे. त्यात तेरा मजली इमारत उभी केली तर तिची गच्ची रस्त्याच्या पातळीला येईल. मध्य लंडनमध्ये तोवर एवढं खोल कुणी खणलं नव्हतं.

दाबाचा साधा हिशेब करू. एक घनमीटर ओल्या मातीचं वजन ढोबळमानाने दोन टन. म्हणजे तीस मीटर खाली प्रत्येक चौरस मीटरवर वरच्या मातीचा साठ टन भार. त्यातला सगळा आडवा फिरत नाही, पण बराचसा भिंतीला आतल्या बाजूला ढकलायला वापरला जातो. लंडनची चिकणमाती तशी घट्ट, कातीव. मात्र वरचा भार काढला की ती हळूहळू फुगते, सैल होते, सरकते. एरवी तळघरात ही भिंत थोपवण्याचं काम मजल्यांच्या स्लॅबी बिनबोभाट करतात. स्लॅब म्हणजे तरी काय, दोन भिंतींच्या मध्ये आडवा घातलेला एक भला रुंद टेकूच.

वेस्टमिन्स्टरला नेमकी स्लॅबचीच अडचण होती. इथे १७ सरकते जिने बसवायचे होते आणि सरकता जिना म्हणजे स्लॅबला पडलेलं लांबलचक भोक. इतकी भोकं पाडल्यावर मजला उरतो कुठे? मग मजले काढूनच टाकले आणि त्यांच्या जागी टेकू तेवढे ठेवले. मी ज्यांचे १९० फोटो काढले होते ते नळ हेच. शोभेचा त्यांच्यात लवलेश नाही. दोन्हीकडून आत येऊ पाहणाऱ्या लंडनच्या जमिनीला ते आजही, या क्षणीही, थोपवून धरताहेत.

हे कळल्यावर फोटोतली चूक दिसली. माझ्या जवळजवळ प्रत्येक फ्रेममध्ये नळाचं एखादं टोक कापलेलं होतं. फ्रेमच्या डावीकडून आला, उजवीकडे निघून गेला. दोन्ही टोकं कापलेला टेकू म्हणजे नुसता पाइप, आणि पाइप दिसला की कुणालाही कारखानाच आठवणार. नळ भिंतीला जिथे भिडतो तो सांधा दिसला पाहिजे, दोन्ही बाजूंचा. मग डोळ्याला आपोआप कळतं की इथे काहीतरी रेटलं जातंय.

हे लिहायला सोपं, करायला महाकठीण. पोकळी उंच आणि खोल, पण मागे सरकायला जागा नाही. उभं राहायचं ते जिन्यांच्या मधल्या टप्प्यांवर किंवा कठड्याच्या कडेला. साधी ५० मिलिमीटरची लेन्स इथे निरुपयोगी. मी २४ वापरत होतो, तीही पुरेना. शेवटी भाच्याच्या मित्राची १६ मिलिमीटरची उसनी आणली. इतक्या रुंद लेन्सची एक खोड असते. फ्रेमच्या कडेला आलेली वस्तू ती ताणून मोठी करते. गोल नळ कडेला आला की अंडाकृती होतो, माणूस आला की त्याचं डोकं दुधीभोपळ्यासारखं लांबट. म्हणून महत्त्वाचा नळ मधल्या भागात, कडेला नुसती भिंत. जी वस्तू ताणली तरी ताणलेली कळत नाही तीच कडेला जाऊ द्यावी.

दुसरी खोड उभ्या रेषांची. कॅमेरा वर किंवा खाली कलता केला की समांतर भिंती एकमेकींकडे झुकायला लागतात. देवळाच्या शिखराचा फोटो काढताना हे सगळ्यांनाच होतं आणि फारसं बिघडत नाही. इथे बिघडतं. भिंती आत झुकलेल्या दिसल्या तर ही इमारत कोसळतेय असं वाटतं, आणि या जागेची गोष्ट बरोबर उलटी आहे: भिंती झुकायला बघताहेत आणि त्यांना झुकू दिलं जात नाहीये. तेव्हा कॅमेरा ओळंब्यात हवा. आजकाल कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाणसळ दाखवायची सोय असते. ती मी पंधरा वर्षं बंद करून ठेवली होती. त्या दिवशी सुरू केली.

ओळंब्यावरून आठवलं. या स्टेशनात खरी जोखीम पोकळीबाहेरच्या एका वस्तूची होती. खड्ड्यापासून अवघ्या ३४ मीटरवर ९६ मीटर उंचीचा तो जगप्रसिद्ध घड्याळाचा मनोरा उभा आहे, ज्याला सगळे बिग बेन म्हणतात. (बिग बेन ही आतली घंटा. मनोऱ्याचं नाव २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर. पण कोण ऐकतो?) शेजारी ३९ मीटरचा खड्डा आणि दोन बोगदे खणले की त्याच्या पायाखालची माती खड्ड्याच्या दिशेने सैलावणार आणि मनोरा कलणार, हे उघड होतं. म्हणून दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे ज्युबिली लाइन या भुयारी मार्गाचे दोन फलाट शेजारी शेजारी न ठेवता एकावर एक ठेवले. शेजारी ठेवले असते तर बोगदा मनोऱ्याच्या आणखी जवळ गेला असता. त्यामुळे इथे एका दिशेची गाडी वरच्या बोगद्यात आणि उलट दिशेची तिच्या खालच्या बोगद्यात. खालचा फलाट रस्त्यापासून सुमारे ३२ मीटर खोल.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. एका कूपातून मनोऱ्याच्या पायाखालच्या चिकणमातीत आडवे लांब पोलादी नळ पंख्याच्या काड्यांसारखे सरकवून ठेवले. त्यांना ठरावीक अंतरांवर भोकं, त्यांवर रबरी पट्ट्या. मनोरा जरा कलला की नेमक्या त्या जागेखाली सिमेंटचं पातळ मिश्रण दाबाने सोडायचं, म्हणजे माती तेवढी उचलली जाते. १९९६ आणि १९९७ मध्ये हे पुन्हा पुन्हा केलं. मनोऱ्याच्या कलण्यावर ओळंब्याने नजर होती. साधा दोरी-वजनाचा नव्हे, प्रकाशाच्या रेषेचा ओळंबा, पण काम तेच. या कामात इंपीरियल कॉलेजचे प्राध्यापक जॉन बर्लंड होते. पिसाचा कलता मनोरा सावरणाऱ्या समितीवरही हेच बर्लंड. एका मनोऱ्याला थोडं सरळ करायचं आणि दुसऱ्याला वाकडं होऊ द्यायचं नाही, अशा दोन नोकऱ्या एकाच वेळी करणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. शेवटी ५५ मीटर उंचीवर मोजलेलं कलणं सुमारे ३५ मिलिमीटरवर थांबवलं गेलं. मनोरा आधीपासूनच वायव्येला किंचित कललेला होता, तो तसाच आहे. शेंड्याशी हे अंतर जेमतेम हातभर. संसद चौकातून टेलिलेन्स लावून, पाणसळ नीट धरून पाहिलं तर कल कळतो. पर्यटकांच्या फोटोंत मात्र मनोरा रोजच कललेला असतो, त्यात मातीचा दोष नाही.

आणि हे सगळं चालू असताना जुनं स्टेशन बंद नव्हतं. वेस्टमिन्स्टरला भुयारी गाड्या आल्या त्या २४ डिसेंबर १८६८ रोजी, कोळशाच्या इंजिनांच्या काळात. रस्ता उकरायचा, रूळ टाकायचे, वर छप्पर घालून पुन्हा रस्ता करायचा, अशी ती पद्धत. डिस्ट्रिक्ट लाइनच्या त्या गाड्या नव्या खड्ड्याच्या वरून, पुलावरून जाव्यात तशा, काम चालू असतानाही धावत राहिल्या. वरच्या नव्या इमारतीला जागा हवी म्हणून त्यांचे रूळ सुमारे ३०० मिलिमीटर खाली घ्यायचे होते. तेही रात्री गाड्या थांबल्यावर थोडे थोडे करून घेतले. सकाळी ऑफिसला जाणाऱ्याला आपण कालच्यापेक्षा बोटभर खालून चाललोय याचा पत्ता नाही. वर उभी राहिली ती पोर्टकलिस हाउस ही खासदारांच्या कार्यालयांची इमारत. तिचाही भार स्टेशनातल्या भक्कम काँक्रीटच्या खांबांवरून खाली उतरतो. दोन्हीचे आर्किटेक्ट एकच, मायकेल हॉपकिन्स यांचं कार्यालय. ज्युबिली लाइनचं वेस्टमिन्स्टर २२ डिसेंबर १९९९ ला उघडलं. १३१ वर्षं पुरी व्हायला दोन दिवस कमी, आणि नव्या सहस्रकाच्या सोहळ्याला नऊ.

त्या सोहळ्यानेच सगळ्यांची धावपळ केली होती. ग्रिनिचला मिलेनियम डोम, आणि तिथे लोकांना नेणारी ही ज्युबिली लाइनची १६ किलोमीटरची नवी वाढ. तिच्यावर ११ स्टेशनं, आणि जवळजवळ प्रत्येकाचा आर्किटेक्ट वेगळा. ही कल्पना या वाढीचे मुख्य आर्किटेक्ट रोलंड पाओलेत्ती यांची. इटलीत इंजिनियर पिएर लुइजी नेर्वींकडे शिकलेले, हाँगकाँगच्या मेट्रोवर काम केलेले. भुयारी रेल्वेत सहसा इंजिनियर बोगदा खणून देतात आणि मग आर्किटेक्टला बोलावून फरश्या कुठल्या लावायच्या ते विचारतात. पाओलेत्तींनी आर्किटेक्टला खड्ड्याच्या पहिल्या रेघेपासून बसवलं. वेस्टमिन्स्टरला गेल्यावर त्याचा अर्थ कळतो. नंतर बोलावलेल्या माणसाने हे नळ नक्की झाकले असते. खोटं छत, मागे दिवे, एखादं भित्तिचित्र. मीही कदाचित तेच केलं असतं.

आता प्रकाशाचं. खाली सूर्य नाही, सगळा कारभार दिव्यांचा. करड्या भिंती, करडं पोलाद, काच, आणि मधूनच डोळ्यांत घुसणारा दिवा. डोळा हे सगळं एकाच वेळी सांभाळतो, कॅमेऱ्याला जमत नाही. कॅमेऱ्याला सावलीच्या हिशेबाने उजेड दिला तर दिवे पांढरेफटक होऊन आजूबाजूचं सगळं गिळतात. दिव्यांच्या हिशेबाने दिला तर सावल्या काळ्या. इथे मी नेहमी दिव्यांची बाजू घेतो. जळालेल्या पांढऱ्यातून काही परत मिळत नाही. काळोखात दडलेलं मात्र कच्च्या फाइलमधून नंतर बरंच वर काढता येतं. आईने भात लावताना सांगितलेलं आठवतं: कच्चा राहिला तर वाफ देता येते, करपला तर काही नाही.

झेब्र्याच्या पट्ट्यांचं कारण तर घरगुतीच निघालं. इंग्लंडमध्येही आपल्यासारखीच वीज ५० हर्ट्‌झची. म्हणजे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाहून जास्त वेगाने उघडलं-मिटलं की फोटोचा एक पट्टा दिवा तेजीत असतानाचा आणि दुसरा मंदीतला. मी आवाज नको म्हणून कॅमेऱ्याचं इलेक्ट्रॉनिक शटर लावलं होतं. त्यात हा दोष फारच उठून दिसतो. उपाय फुकटचा आहे: शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा. पूर्ण लुकलुक प्रत्येक फोटोत सामावते आणि पट्टे जातात. हीच अडचण भारतातल्या कुठल्याही लग्नाच्या हॉलमध्ये येते. मला तिथे कधी आली नाही, कारण तिथे मी फ्लॅश मारायचो.

इथे फ्लॅश चालत नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत हौशी माणसाला स्वतःपुरते फोटो काढायला सहसा कुणी अडवत नाही, पण फ्लॅश नको (चालकाचे डोळे दिपतात) आणि तिवई नको (लोक अडखळतात). धंद्यासाठी काढायचे तर रीतसर परवानगी. हॅरी पॉटरच्या पाचव्या चित्रपटात हॅरीसोबत आलेले वीझलीकाका तिकिटाच्या गेटशी झटापट करतात ते हेच स्टेशन, पण त्यांनी काही खिशातला कॅमेरा काढून ते चित्रित केलं नव्हतं.

तिवई नाही म्हटल्यावर शरीराचीच तिवई करावी लागते. कठड्यावर कोपर टेकायचं, पट्टा मानेभोवती ताणून धरायचा, अर्धा श्वास सोडून बटण दाबायचं. मला १/८ सेकंदापर्यंत जमलं, तेही पाचांतला एक. आणि तिथेच या जागेचं दुसरं गुपित हाती लागलं. इथले जिने सेकंदाला साधारण पाऊण मीटर सरकतात. १/८ सेकंदात जिन्यावरचा माणूस नऊ-दहा सेंटिमीटर पुढे जातो. तेवढ्याने त्याचा चेहरा पुसला जातो, पण माणूस पुसला जात नाही; ओल्या शाईवरून बोट फिरवावं तसा तो उरतो. सभोवतालचं काँक्रीट आणि पोलाद मात्र काटेकोर स्थिर. टेकूंचं न हलणं दाखवायचं तर फ्रेममध्ये काहीतरी हलतं हवं, हे मला आधी सुचलं नव्हतं.

मग उलटंही करून पाहिलं. खाली जाणाऱ्या जिन्यावर मी स्वतः उभा राहिलो आणि शेजारच्या, त्याच दिशेने उतरणाऱ्या जिन्यावरच्या एका बाईंचा फोटो घेतला. दोघे एकाच वेगाने चाललो होतो. बाई कोरल्यासारख्या स्पष्ट आल्या, हातातल्या पिशवीवरची घडीसुद्धा; मागची भिंत आणि नळ वाहून गेलेले. चित्र देखणं होतं. पण माझ्या कामाचं नव्हतं, कारण त्यात स्टेशनच विरघळलं होतं. लंडनला जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं आणि डावी बाजू घाईवाल्यांना मोकळी सोडायची हा दंडक आहे. त्यामुळे फोटोत उजवीकडे उभ्यांची शिस्तीची रांग आणि डावीकडे पायांचा पूर, असं आपोआप मिळतं. फोटोच्या नादात मी डावीकडे उभा राहिलो होतो तेव्हा मागून आलेलं ‘‘एक्सक्यूज मी’’ इतकं थंड होतं की अजून कानात आहे.

चेहऱ्यांबद्दल एक सांगतो. अमेरिकी छायाचित्रकार वॉकर एव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या सबवेत कोटात कॅमेरा लपवून समोरच्या प्रवाशांचे फोटो काढले, आणि ते पुस्तकरूपाने छापायला १९६६ पर्यंत थांबले. फोटो थोर आहेत. मला मात्र तसं जमत नाही. लग्नात माणूस कॅमेऱ्यासाठी नटून आलेला असतो; स्टेशनात तो दमून चाललेला असतो. १/८ सेकंदाने चेहरे पुसले जातात, ही माझ्या दृष्टीने सोयही आहे.

वेस्टमिन्स्टरचा विषय निघाला की जाणकार मंडळी पिरानेसीचं नाव घेतात. हा अठराव्या शतकातला इटालियन कलावंत. त्याने काल्पनिक तुरुंगांची एक चित्रमालिका कोरली, १७५० च्या सुमारास, आणि १७६१ मध्ये ती आणखी गडद करून पुन्हा काढली. जिन्यावर जिने, पुलावर पूल, कुठून कुठे जातात कळत नाही, आणि त्यात मुंगीएवढी माणसं. साम्य आहे, नाकारण्यात अर्थ नाही. आणि पिरानेसीची युक्तीही सोपी आहे: जमीन दाखवायची नाही, छत दाखवायचं नाही, सगळं कडेला कापायचं. बघणाऱ्याला वाटतं, हे असंच अनंत चाललंय. या स्टेशनाचे जे फोटो लोक भिंतीवर लावतात ते बहुतेक याच जातीचे. काळे-पांढरे, कापलेले, भव्य. मीही असे चार काढले आणि ते दिसायला माझ्या बाकीच्या सगळ्यांपेक्षा सरस आहेत. तरी मला ते पटत नाहीत. पिरानेसीच्या तुरुंगात काहीच कशाला तोलून धरत नाही. ते वास्तूचं स्वप्न आहे. इथे प्रत्येक नळाला काम नेमून दिलंय. टोकं कापली की नाट्य वाढतं आणि काम दिसेनासं होतं. भव्यतेसाठी खोटं बोलायला माझी हरकत नाही, लग्नाच्या अल्बमात मी आयुष्यभर तेच केलं. पण इथे खरं जास्त भव्य होतं.

ज्युबिली लाइनवरच्या इतर स्टेशनांसाठी दोन दिवस दिले. कॅनरी वॉर्फ नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाचं. जुन्या गोदीतलं पाणी उपसून तिच्या तळात बांधलेलं, जवळजवळ ३०० मीटर लांब. तिथे फोटो स्वतःहून येतो: खालून वर पाहायचं, काचेच्या गोलाईतून दिवसाचा उजेड जिन्यांवर उतरतो आणि माणसं त्यात वर चढत जातात. इतकं सोपं की कंटाळा येतो. सदर्कला रिचर्ड मॅककॉर्मॅक यांनी वक्र भिंतीवर ६६० निळ्या काचा लावल्यात, अलेक्झांडर बेलेशेंको या काचकलावंताच्या. वरून येणाऱ्या उजेडाप्रमाणे निळा बदलत राहतो. तिथे काळा-पांढरा फोटो काढणं हा गुन्हा ठरावा. उलट वेस्टमिन्स्टरला मी रंग काढून टाकले, कारण वेगवेगळ्या जातीच्या दिव्यांनी करड्या भिंतीवर कुठे पिवळट, कुठे हिरवट डाग पडले होते आणि ते डाग काहीच सांगत नव्हते.

रविवारी सकाळी लवकर पुन्हा वेस्टमिन्स्टरला गेलो. मधल्या टप्प्यावर भिंतीला पाठ लावली, १६ ची लेन्स, कॅमेरा ओळंब्यात, १/८ सेकंद. समोर एक नळ, दोन्ही टोकं भिंतींत रुतलेली, सांध्याशी काँक्रीटवर पडलेली त्याची सावलीसुद्धा दिसत होती. खालचा जिना रिकामा. वाट पाहिली. एक म्हातारे गृहस्थ आले, टोपीवाले, काठी जिन्याच्या पायरीवर टेकून उभे. ते नळाच्या बरोबर खाली आले तेव्हा बटण दाबलं. चेहरा पुसला गेला, काठीची एक तिरकी रेघ उरली. रात्री भाच्याला दाखवला. बराच वेळ तो काही बोलला नाही, मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, ‘‘हा नळ काढला तर?’’

मुंबईला परतल्यावर दादरला एका मित्राकडे गेलो होतो. गोखले रस्त्यावरून भुयारी मेट्रोत उतरलो, तिकीट काढलं, सरकत्या जिन्याने खाली आलो. मेट्रो तीनचा हा टप्पा मे २०२५ मध्ये सुरू झाला. स्वच्छ, उजळ, थंडगार. गाडी यायला चार मिनिटं होती म्हणून फोनमधले जुने फोटो चाळत बसलो. काम चालू असताना इथल्याच पत्र्याच्या कुंपणाच्या फटीतून काढलेला एक सापडला. टॅक्सी थांबवून, घाईत, तिरका. खाली खोल खड्डा, आणि त्यातून या भिंतीकडून त्या भिंतीकडे गेलेले जाडजूड पोलादी नळ, ओळीने, एकाखाली एक. मजले भरत आले तसे ते काढून घेतले असणार. भिंती आता स्लॅबी धरून आहेत. फोन वर धरून मी त्या फोटोतली जागा समोर शोधू लागलो. एक टोक साधारण जिन्याच्या डोक्याशी येत होतं. दुसरं सापडेपर्यंत गाडी आली.